माईकअण्णांचा नमस्कार

हौद गल्लीचा रस्ता मी बघितला नव्हता. बघून आलोय असं सांगितलं होतं. माझ्या नोकरीतली सगळ्यात मोठी चूक एवढीच आहे, दोन वाक्यांत मावणारी. ती झाल्यावर मी गप्प बसलो, त्याची गोष्ट मात्र मोठी आहे. पण मला माझ्याबद्दल लिहायचं नाही, माईकअण्णांबद्दल लिहायचं आहे. माझा भाग जिथे येईल तिथे येईल.

त्यांचं खरं नाव शिवलिंगप्पा. मूळ मंद्रूपकडचे. सोलापुरात आले ते एका टॉकीजच्या टांग्यात बसून सिनेमाची जाहिरात करायला. टांगे गेले, टॉकीज गेलं, अण्णा आणि त्यांचा आवाज राहिला. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हा ते महापालिकेच्या आमच्या विभागीय कार्यालयात कंत्राटावर होते. काम एकच, रिक्षावर भोंगा लावून गल्लोगल्ली सरकारी बातमी सांगायची. उद्या पाणी नाही, परवा रस्ता खोदणार, तेरवा डास मारायचा धूर येणार, दारं उघडी ठेवा. आमच्याकडे नोटीस फळ्यावर लागते, हल्ली मोबाइलवरही जाते. पण आमच्या पेठांतल्या बायका भाकरी थापता थापता जे कानावर येतं तेच खरं मानतात, आणि कानावर अण्णाच यायचे.

उंच, सावळा माणूस. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, पांढरं धोतर आणि गळ्याला मफलर. मफलर बारा महिने. मे महिन्यात डांबर पायाला चिकटतं आणि कुत्रीसुद्धा गटाराकाठची ओल शोधत फिरतात, तेव्हाही अण्णांच्या गळ्यात तो चॉकलेटी लोकरी मफलर असायचा. मी एकदा विचारलं, "अण्णा, उकडत नाही का?"

"उकडतंय की. लई उकडतंय," ते म्हणाले. "पण साहेब, सैगलाला गळा होता, मला बी गळा हाय. आमाला सांभाळाय लागतंय."

आवाजाचा गर्व त्यांना पुरेपूर होता. खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या आणि खडीसाखर. थंड पाणी नाही, बोरं नाहीत, चिंच तर नावालाही नाही. कार्यालयात कुणी मोठ्यांदा बोललं की ते डोळे मिटून घ्यायचे, बेसूर गाणं ऐकल्यासारखे. त्यांची बायको गौराक्का मला एकदा म्हणाली, "घरात कुटं बोलत्यात हो? सगळा आवाज गल्लीत ठेवून येत्यात. मी म्हणलं, एक भोंगा न्हाणीत बसवा, म्हंजे मला बी कळंल तुमच्या मनात काय हाय ते." अण्णा तेव्हा शेजारीच बसले होते. त्यांनी खडीसाखरेचा खडा तोंडात टाकला.

आमची पहिली भेट चांगली झाली नाही. मी रस्त्यांचा अभियंता म्हणून नवाच रुजू झालो होतो. रस्ता बंद राहणार असल्याचं निवेदन मी स्वतः लिहून टाइप करून आणलं होतं. त्यात 'उपरोक्त', 'सदरहू', 'पर्यायी मार्गाचा अवलंब' असं सगळं होतं. अण्णांनी कागद वाचला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

"हितं नमस्कार कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"निवेदनात नमस्कार कशाला?"

"वाईट बातमी हाय न्हवं ही? रस्ता बंद हाय म्हणून सांगलाव तुमी. मग आदी नमस्कार, मग वाईट बातमी. कुणाच्या दारात गेल्यावर चप्पल काढतो का न्हाय आपण?"

त्या दिवशी मी चिडून त्यांच्या रिक्षामागे स्कूटर घेऊन गेलो, हे काय सांगतात ते ऐकायला. मौलाभाई रिक्षा चालवत होते, माणूस चालतो त्या वेगाने. अण्णा माईक हनुवटीला लावून सांगत होते, "नमस्कार मंडळी. उद्यापास्नं हौदाकडचा रस्ता बंद हाय. भाजीला जाणाऱ्यांनी मारुतीच्या बाजूनं जावा. पोरांनो, खड्ड्यात उड्या मारू नका, त्यात खेळण्यासारखं कायबी न्हाय." मग तेच कानडीत, मग विणकरांच्या वस्तीत तेलुगूत. माझा कागद खिशातच राहिला.

त्यांचं तेलुगू भयंकर होतं, आणि हे मी नाही, तिथल्या बायकाच म्हणायच्या. आगीच्या वेळी बंब आत यावा म्हणून यंत्रमागाच्या गल्ल्यांतल्या गाड्या बाजूला काढून ठेवायच्या, अशी आमची एक योजना होती. बंब आणून एकदा तालीम करायची ठरली. अण्णांनी सांगायला सुरुवात केली आणि दारादारांतून बायका बाहेर आल्या. कुणी तोंडाला पदर लावून हसतंय, कुणी ओरडून शब्द सुधारून देतंय. एका म्हातारीने तर रिक्षा अडवली आणि अख्खं वाक्य त्यांच्याकडून घोकून घेतलं. तालमीच्या दिवशी गल्ली मोकळी होती. बंब सरळ आत गेला.

"एवढी वर्षं झाली, अजून तेलुगू येत नाही?" मी म्हणालो.

अण्णा गंभीर झाले. "येतंय की. पण बरोबर बोललं तर बाया घरात बसून ऐकतात. चुकलं की बाहेर येतात."

पुढे बसलेले मौलाभाई मान न वळवता म्हणाले, "झूट बोलते, साब. तेलुगू आतीच नै इनको."

खरं काय ते मला अजून माहीत नाही.

आमच्या वरिष्ठ साहेबांनी मध्यंतरी एक नवी पद्धत काढली. दर महिन्याला विभागाची माहिती लोकांपर्यंत पोचवायची: माणसं किती आहेत, कोणते रस्ते झाले, सुरक्षेची काय तयारी आहे. कल्पना चांगली होती. पहिल्याच महिन्यात साहेबांनी लिहून दिलं, 'सफाई कर्मचाऱ्यांची काही पदे रिक्त असून ती भरण्याची कार्यवाही प्रगतिपथावर आहे.' अण्णांनी सांगितलं ते असं: "नमस्कार मंडळी. आपल्या गल्लीला झाडणारे तिगं होते. एक रिटायर झाला, एकाची बदली झाली. राहिला एकटा यल्लप्पा. नवीन माणूस कदी येणार ते साहेबास्नी बी ठाऊक न्हाय. तवर यल्लप्पाला कुणी वरडू नका."

साहेबांनी अण्णांना बोलावून घेतलं. "मला ठाऊक नाही, असं कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं न्हाय साहेब," अण्णा म्हणाले. "तुमाला ठाऊक हाय का? मग आत्ता जाऊन सांगून येतो की."

दिवसभर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं. आठवड्याने यल्लप्पाच तक्रार घेऊन आला. दर घरातून चहा मिळत होता आणि नाही म्हणवत नव्हतं. "अण्णास्नी परत रिक्षावर धाडा," तो म्हणाला, "आनि चहा बंद करा म्हणून सांगा. पित्तानं मराय लागलोय."

मग माझ्या जोडीच्या अभियंत्याची बदली झाली आणि त्याची पेठही माझ्याकडे आली. मी सकाळी एका पेठेत, दुपारी दुसऱ्या. लोक स्कूटर अडवून जाब विचारायचे. एक दिवस माझ्या कानावर भोंगा आला: "रस्त्याचं साहेब आता एकच हाय दोन पेठास्नी. दिसलं की अडवू नका. जेवाय जात असंल बिचारं." मला भयंकर लाज वाटली. मी अण्णांना खडसावलं. पण लोकांनी स्कूटर अडवायची थांबवली ही गोष्ट खरी. अडवली तरी 'जेवलात का' असं विचारून अडवायला लागले.

अण्णांचा एक नियम होता. रस्ता बंद आहे हे ते कागदावरून सांगायचे, पण रस्ता खुला आहे हे कधीही कागदावरून सांगायचे नाहीत. आधी स्वतः जाऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. त्याला ते 'चप्पल लावून येणं' म्हणायचे. "बंद म्हणलं आनि खुला निगाला तर लोक शिव्या देतील, बास. खुला म्हणलं आनि बंद निगाला तर पडतील." मौलाभाई तोवर रिक्षात बसून तंबाखू मळायचे. कितीही घाई असो, साहेब फोनवर ओरडत असोत, अण्णा धोतराचा सोगा हातात धरून नव्या रस्त्यावरून चालायचे, वरातीत चालावं तसे.

हौद गल्लीत ड्रेनेजचं काम बरेच दिवस चाललं होतं. त्या दिवशी संध्याकाळी मासिक माहितीची बैठक होती आणि रस्ता खुला झाल्याचं मला साहेबांना तिथे सांगायचं होतं. दुपारी मी दुसऱ्या पेठेत अडकलो होतो. ठेकेदाराच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "झालं साहेब. चेंबरवर झाकण टाकलालेत, धा मिनिटात फायनल." मी कार्यालयात आलो तेव्हा अण्णा रिक्षाजवळ उभे होते.

"जरा चप्पल लावून येतो, मग सांगतो," ते म्हणाले.

ते गेले असते तर बैठकीच्या आत घोषणा झाली नसती. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही. मी म्हणालो, "अण्णा, मी बघून आलोय. माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुमचा?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मफलर नीट केला. "हाय की साहेब. तुमच्यावर नसंल तर कुणावर?"

आणि रिक्षात बसले.

हौद गल्लीच्या वळणावर सुगंधाबाई राहते. ज्वारीची कडक भाकरी करते आणि पाटीतून नवी पेठेत नेऊन विकते. रस्ता खणलेला असेपर्यंत ती बिचारी मारुतीकडून लांबचा फेरा घालत होती. त्या दिवशी अण्णांचा आवाज ऐकला, पाटी डोक्यावर घेतली आणि जवळच्या वाटेने निघाली. दिवे लागायची वेळ. वळणावरच्या चेंबरवर झाकण नव्हतं. लोकांनी तिला वर काढलं तेव्हा मांडीचं हाड मोडलेलं होतं आणि भाकरीचे तुकडे सगळ्या नव्या काँक्रीटवर पसरले होते. दवाखान्यात तिने जे पहिलं वाक्य म्हटलं ते गावभर झालं. "अण्णा बोलला म्हणून गेले की."

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत आम्ही सगळे उभे होतो. ठेकेदाराला झापून झालं. मग साहेबांनी अण्णांना विचारलं, "रस्ता खुला आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

अण्णांनी माझ्याकडे एकदा बघितलं. एकदाच. मी पंख्याकडे बघत होतो. त्या पंख्याच्या एका पात्यावर रंगाचा ओघळ वाळलेला आहे. तो अजूनही मला तसाच दिसतो.

"मी बघितलं न्हाय साहेब," अण्णा म्हणाले. "बघाय पायजे होतं. माजंच चुकलं."

यात खोटं काहीच नव्हतं. म्हणूनच मला गप्प राहणं सोपं गेलं. मी स्वतःला समजावलं, की त्यांनी कबूलच केलंय, आता आपण बोलून काय होणार. महिनाअखेरीला अण्णांचं कंत्राट पुढे चालू ठेवलं नाही. घोषणांसाठी एका बाईच्या गोड आवाजात रेकॉर्डिंग करून घेतलं आणि ते घंटागाडीवर लावलं. त्यात 'सदरहू' होतं. नमस्कार नव्हता.

अण्णांचं काय चाललंय हे मी विचारलं नाही. हौद गल्लीतून जाणंही मी टाळायला लागलो. पेठेतली पोरं त्यांना बघून ओरडतात असं मौलाभाईंनी सांगितलं होतं: "अण्णा, रस्ता खुला हाय का बे?" मी ऐकून घेतलं आणि विषय बदलला.

दोन उन्हाळे गेले. मग बंबाची तालीम पुन्हा करायची ठरली, आणि या वेळी गल्ली निघाली ती नेमकी हौदाची. आठवडाभर घंटागाडीवरून रेकॉर्डिंग वाजलं होतं. तालमीच्या सकाळी बंब आला आणि तोंडालाच अडकला. दोन्ही बाजूंना मोटरसायकली, मध्ये एक टेम्पो, टेम्पोचा मालक मंद्रूपला बाजाराला गेलेला. मी घामाघूम होऊन दारं वाजवत सुटलो.

"सांगितलं होतं ना गाड्या काढा म्हणून? ऐकू येत नाही का?"

"ते रेकॉर्डिंग व्हय?" एक बाई शांतपणे म्हणाली. "ते कोण ऐकतंय? आनि खरंच माणूस येऊन बोलला तरी काय हो? अण्णासुदिक खोटं बोलला की."

बंबावरचा माणूस मला म्हणाला, "साहेब, आज तालीम आहे म्हणून ठीक." एवढंच बोलून तो गाडी मागे घ्यायला लागला.

तिथेच बाजूच्या दारात सुगंधाबाई बसली होती. एक पाय लांब केलेला, शेजारी काठी. मला तिच्यासमोरून निघून जाता येईना. तब्येतीचं विचारलं. "हाय की," ती म्हणाली. "भाकरी करते, पर गिरणीला जाववत न्हाय. अण्णा आणून देतोय दळून." मग एकदम हसली. "खुळं हाय ते. दोन वर्सं झाली, पीठ ठेवतंय आनि जाताना म्हणतंय, सुगंधाबाई, चुकलं माजं. मी म्हणते, गप की आता! किती डाव म्हणशील?"

ती बोलत असतानाच अण्णा गल्लीत आले. खांद्यावर पिठाचं गाठोडं, मफलरवर पीठ सांडलेलं. पार वाळले होते. त्यांनी गाठोडं आत नेऊन ठेवलं, बाहेर येऊन मला हात जोडले.

"नमस्कार साहेब. जेवलात का?"

त्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. गौराक्काने पाणी दिलं. मी पाणी न पिताच बोलायला सुरुवात केली आणि सगळं बोललो. फोन, बैठक, पंखा. चूक माझी होती, माफ करा असं म्हणालो. मी काही मोठं काम करतोय असं मला वाटत होतं, हेही कबूल करतो. अण्णा ज्येष्ठमधाची काडी चघळत ऐकत होते.

"हे मला कशाला सांगलाव?" ते म्हणाले. "मला त्याच दिवशी ठाऊक होतं की."

"मग बोलला का नाही?"

"चप्पल मी लावली न्हवती. तेवढं माजं. तुमचं तुमी बोलाल म्हणून वाट बघितली." त्यांनी काडी या गालातून त्या गालात नेली. "ज्यास्नी ठाऊक हाय त्यास्नी सांगून काय उपेग? ज्यास्नी ठाऊक न्हाय त्यास्नी सांगा."

आतून गौराक्काचा आवाज आला. "एवढं घरात कदी बोलला न्हवता हो!"

दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात सांगितलं. साहेब आता नवे आहेत. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. घोषणेची परवानगी मी मागितली नाही. मागितली असती तर निवेदन मिळालं असतं. मौलाभाईंना फक्त भोंगा बसवून आणायला सांगितलं.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मौलाभाई पुढे, मागे मी आणि अण्णा. वैशाखाचं ऊन आठ वाजताच चटके देत होतं. मी रात्री लिहिलेला कागद काढला. अण्णांनी तो हातातून घेतला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला. मग स्वतःच्या गळ्यातला मफलर सोडला आणि माझ्या गळ्याला गुंडाळला. त्याला पिठाचा आणि खडीसाखरेचा वास येत होता.

"अण्णा, उकडतंय हो."

"उकडू द्या. गळा बसंल न्हाय तर."

मफलर नसलेले अण्णा मी पहिल्यांदाच बघत होतो. त्यांचा गळा बारीक होता, म्हाताऱ्या माणसाचा असतो तसाच. आवाज तिथून येत असेल यावर विश्वास बसला नसता.

हौद गल्लीच्या तोंडाशी मौलाभाईंनी वेग कमी केला. मी माईकचं बटण दाबलं. "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की..."

अण्णांनी हात पुढे करून बटण बंद केलं. नुसते बघत राहिले, पहिल्या भेटीत माझ्या कागदाकडे बघितलं होतं तसे.

सुगंधाबाई दारात येऊन काठीवर रेलून उभी होती. समोरच्या ओट्यावर तालमीच्या दिवशीची ती बाई, हातात परात. अण्णांनी ज्येष्ठमधाची काडी पुढे केली. मी ती गालात धरली आणि बटण पुन्हा दाबलं.

"नमस्कार मंडळी. मी रस्त्याचा साहेब. वाईट बातमी आहे आणि ती माझी आहे. दोन वर्षांमागे अण्णांनी तुम्हाला सांगितलं, हौदाचा रस्ता खुला आहे. तसं सांगायला मी लावलं होतं. अण्णा बघायला निघाले होते, मीच त्यांना अडवलं. मी बघून आलोय म्हणालो, आणि मी बघितलं नव्हतं. अण्णा तुमच्याशी खोटं बोलले नाहीत. मी अण्णांशी खोटं बोललो, आणि त्यांची नोकरी जाताना गप्प बसलो. सुगंधाबाई, तुम्ही माझ्यामुळे पडलात. मला माफ करा. अण्णा, मला माफ करा."